शनिवारची मजुरी

अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन कच्चं आहे, माफ करा, चौथीच शिकले. नाताळाचे तारे लागले की चेन्नईतली ती घरमालकीण आठवते. तिच्या चर्चच्या गायकांचे पांढरे झगे मी शिवले, पण मजुरी मागितली की ती म्हणे, "शनिवारी ये." आम्ही ज्यू शनिवारी पैशाला हात लावत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. वर हसून म्हणे, "तुमचा-आमचा वारसा एकच ना गं!" एका रविवारी तिच्याकडे प्रार्थनेला बायका जमल्या होत्या. दारातूनच मी म्हणाले, "आंटी, तुमच्या बायबलातला जुना करार म्हणजे आमचंच पुस्तक. मजुराची मजुरी रात्रभर अडवू नये, ते पान वाचा ना." ती पान उघडेना. शेजारणीनेच मोठ्याने वाचलं. आंटीचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला, अजून पाहते. दिवस मावळण्याआधी तिने पै न् पै मोजून दिली.