कोपरीतली ओली आळी

कोपरीत आम्ही राहायला गेलो तेव्हा बिल्डिंगला अजून रंगाचा वास होता. मागच्या कुंपणालगत सोसायटीने सात गुलमोहर लावले. आम्ही तळमजल्यावर, म्हणून पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. नवरा कामावर गेला की तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मी बादलीत साठवायची.

मे महिन्यात एका दुपारी गेले, तर शेवटच्या दोन रोपांची आळी आधीच ओली. वॉचमनला विचारलं.

"मी कशाला घालू, मॅडम? नळाला तरी कुठंय पाणी?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मग आठवडाभर सुकी, मग पुन्हा ओली. पानांच्या कडा मात्र करपत चाललेल्या.

एक दिवस जेवण आटोपून मी तिथेच दगडावर बसले. रणरणतं ऊन, सगळी बिल्डिंग झोपलेली. बघता बघता आळ्यातली माती काळपट झाली. मग मधोमध पाणी दिसलं आणि सावकाश वर येत गेलं. आवाज कसलाच नाही. रोपाच्या बुडाशी भोक पडलं, त्यातून नखाएवढा खेकडा निघाला आणि तिथेच थांबला. बादली टाकून मी घरात आले आणि कडी लावली.

मासे घेऊन येणाऱ्या कोळीण मावशींना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. चिमूटभर माती जिभेला लावून थुंकल्या.

"खारी हाय. उधाणाला खाडी येते गो बाय, खालून. आमच्या होड्या हितंच लागायच्या. भराव टाकला, पन पान्याला कोन सांगनार?"

"हितं म्हणजे नक्की कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

त्यानंतर उधाणाच्या दुपारी मला ओट्यापाशी अनवाणी उभं राहवेना. लादी गार लागायची. नवरा म्हणाला, "लादी गारच असते." असतेच. तरी मी चपला घालून स्वयंपाक करू लागले.

पावसाआधीच ते दोन गुलमोहर वाळले. मावशींनी खाडीकाठच्या भेंडीची फांदी आणून दिली, पिवळ्या फुलांच्या झाडाची. "याला खारं चालतं," म्हणाल्या. वाळलेल्या रोपाच्याच आळ्यात ती लावली, तर लगेच रुजली आणि दोन वर्षांत खिडकीच्या वर गेली. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या हाताला गुण आहे. मी त्या झाडाला कधीच पाणी घातलं नव्हतं, पण तसं कुणाला सांगितलं नाही.