भंडाऱ्याचं ताट

कन्हेरीत रंगूबाईंना वावगं बोलायची कुणाची टाप नव्हती. भरल्या तारुण्यात नवरा गेला, तरी वांगी-टोमॅटो पिकवून त्यांनी घर उभं केलं आणि पदराला डाग लागू दिला नाही. हे त्या स्वतःच सगळ्यांना ऐकवत. ऐकायला माणूस मिळालं नाही तर गाईला ऐकवत.

मुलगा अपघातात गेल्यावर घरात त्या आणि सून मोना, दोघीच उरल्या. एके दिवशी धुण्यात मोनाच्या झंपरवर रंगूबाईंना दुधाचे डाग दिसले.

"आत्या, कशानं येतंय मला बी कळंना," मोना रडत म्हणाली. "डोकं तर लई ठणकतंय."

विधवेला दूध! मग डोक्याचं कोण ऐकतंय? रंगूबाईंनी भावकीतल्या बायका गोळा केल्या आणि सुनेला खंडोबाच्या टाकापुढं बसवलं. खरं बोलणाऱ्यानं भंडारा उचलून कपाळाला लावायचा, अशी रीत. त्यांतल्या कुशाबाईंनी बाजूनं ताट पुढं केलं. मोनाचा हात हवेतच चाचपडला, ताटावर आदळला आणि सगळा भंडारा जमिनीवर सांडला.

"देवानंच झिडकारलं तुला," रंगूबाई म्हणाल्या. त्याच दिवशी मोना भवानीनगरला माहेरी गेली.

पुढं तिच्या भावानं, अजितनं, तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. नाकावाटे ऑपरेशन झाल्यावर त्यानं रंगूबाईंना मुद्दाम बोलावून डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. तिथं बुरशी वाढली होती. लाखात एखाद्याला होतं असं. तिच्या दाबानं दूध आलं. डोळ्यांच्या नसाही दबल्या. आता समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसत नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हाच आणलं असतं, तर नजर वाचली असती."

रंगूबाईंना बाजूनं आलेलं ते ताट आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोनाच्या खाटेशी जाऊन त्या कडेलाच उभ्या राहिल्या. तिला आपण दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढाच आडोसा त्यांना बरा वाटत होता, आणि त्याचीही लाज वाटत होती.

"आत्या, तुमीच हाय न्हवं?" मोना म्हणाली. "मिशरीचा वास येतोय. समोर या, बाजूचं दिसत न्हाय मला."

रंगूबाई समोर आल्या. मोना त्यांच्याकडं बघत राहिली.

"चुकलं माझं, पोरी."

"हितं नगा सांगू. ज्या बायका गोळा केल्या व्हत्या, त्या समद्यांना बोलवा. त्यांच्या म्होरं सांगा, भंडारा उचलून."

"व्हय," रंगूबाई म्हणाल्या. त्यांची मान काही वर झाली नाही.