आंबेनळीच्या पायथ्याशी समुद्र

“गणपतीला तयार होईल?”

“नाही.”

“मग दिवाळीला?”

“दिवाळीला पाणी असेल. मासे असले तर एक-दोन. प्रवाळ नाही.”

विचारत होते ते मोरे साहेब. मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढून चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस. ‘नाही’ हा शब्द हाताखालच्या लोकांकडून त्यांनी फारसा ऐकला नसावा. आणि इथे महाडच्या एसटी डेपोमागे फिश टँकचं दुकान चालवणारी एक बाई त्यांच्याच नव्या घरात उभी राहून त्यांना तारखा नाकारत होती.

मी मुंबईत एका कंपनीत हे काम शिकले. हॉटेलांच्या लॉबीत मोठमोठे टँक बसवले. मग लग्न होऊन महाडला आले आणि गोड्या पाण्यातले गोल्डफिश विकत बसले. इकडे कुणाला रीफ टँक हवा असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, ज्यात नुसते मासे नाही तर जिवंत प्रवाळ वाढतं. म्हणजे घरात समुद्राचा एक तुकडाच. आणि मोरे साहेबांचं गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट चढायच्या जरा अलीकडे. चारी बाजूंनी डोंगर. खारं म्हणून गावात जे काही होतं ते मिठाच्या बरणीत.

“एवढी घाई कशाला साहेब?” मी विचारलं.

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “आईला काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही, फक्त समोरचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, तेही किती दिवस राहील सांगता येत नाही. मी बोटीवर गेलो तेव्हापासून विचारते, तू असतोस तिथं काय असतं रे? दोनदा समुद्रावर न्यायला निघालो. दोन्ही वेळा तिला गाडी लागली आणि अर्ध्यातून परत आलो. आता समुद्रच इकडे आणायचा.”

मी टेप काढला आणि भिंत मोजायला लागले.

टँक सात फुटी ठरला. पाणी सव्वा हजार लिटर, म्हणजे सव्वा टन. काच, स्टँड, दगड धरून दोन टनांच्या घरात. हे मी घरच्यांना समजावत होते, “म्हणजे चार म्हशी एकाच जागी रात्रंदिवस उभ्या, असं समजा.” त्यासाठी जमीन फोडून खाली वेगळा स्लॅब घालावा लागणार होता. साहेबांच्या आई, म्हणजे आजी, खाटेवर बसून ऐकत होत्या. लहानपणापासून वरच्या वाडीवर गुरं राखलेली बाई.

“चार म्हशी,” त्या म्हणाल्या. “आनि दूद किती?”

मोरे साहेबांची धाकटी भावजय सुमन पदर तोंडाला लावून हसायला लागली. सुमनच घर सांभाळायची. साहेबांची बायको कधीच वारली होती आणि धाकटा भाऊ दिवसभर शेतावर असायचा.

स्लॅब झाला, काच आली, चिकटवली. मागच्या भिंतीपलीकडे धान्याची एक अरुंद खोली होती, ती आम्ही पंपांसाठी घेतली. पाणी गाळायची टाकी, पंप, पाणी थंड ठेवायचं चिलर, इन्व्हर्टर, सगळं तिथे. समोर बसणाऱ्याला नुसते मासे दिसावेत आणि भानगडी मागे राहाव्यात, हा या धंद्याचा नियम. ती खोली मात्र साहेबांनी माझ्या हातातून काढूनच घेतली. प्रत्येक पाइपला रंग, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर. माझे दोन कारागीर त्यांना चळचळा कापायचे. मला मजा वाटायची. असं गिऱ्हाईक जन्मात एकदा मिळतं.

गावात एकच प्रश्न होता. खाडीवरून टँकर का आणत नाही? कारण पावसाळ्यात सावित्री नदी सगळा डोंगर धुऊन खाडीत नेते. ते पाणी ना धड खारं, ना स्वच्छ. आम्ही पाणी घरीच बनवलं. आरओ मशीनमधून निघालेलं कोरं पाणी घ्यायचं आणि त्यात या कामासाठी मिळणारं खास मीठ मापून विरघळवायचं. मग थांबायचं. नव्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला वेळ लागतो. आम्ही त्याला सायकल म्हणतो. ती पुरी होण्याआधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच घाणीने मरतात. साहेबांना हे पटत होतं, पण रोज सकाळी फोन यायचा, “झाली का सायकल?” मी म्हणायचे, “पंक्चर आहे अजून.”

त्या वर्षी श्रावण-भादव्यात मी नुसती पाण्याने भरलेली काच बघायला महाड-पोलादपूर करत राहिले. गणपतीत मुंबईची माणसं आली, त्यांनी रिकाम्या टँकसमोर उभं राहून फोटो काढले. आजी काचेला नाक लावून बघायच्या आणि विचारायच्या, “दत्तू, ह्यात कायच नाय रे?” साहेब म्हणायचे, “येतंय आई.” मी ‘नाही’ म्हणून बसले होते, आणि ते बरोबरच होतं, पण त्या डोळ्यांना माझं बरोबर असणं परवडणारं नव्हतं.

दिवाळीनंतर पहिले मासे आले. मुंबईहून गाडीने वीर स्टेशनवर थर्माकोलचे खोके. रिक्षावाला म्हणाला, “काय हाय आत?” मी म्हटलं, मासे. त्याने वास घेतला. “सुकवलेलं नाय ना?” मी म्हटलं, जिवंत आहेत. “मंग खाताव कदी?” महाडपर्यंत मी त्याला प्रवाळ समजावलं. आपल्या समुद्रातलं तोडायला कायद्याने बंदी आहे, हे पाळून वाढवलेलं, परवान्याने बाहेरून येणारं, वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं आणि मी उतरताना म्हणाला, “ताई, तुमी मास्तरीन व्हा.”

नारिंगी मासे आले, निळे आले, मग हळूहळू प्रवाळाचे तुकडे. बोटाएवढे, दगडावर चिकटवलेले. त्यांनी पाय रोवले. माघापर्यंत एकेक फुलायला लागलं. आजींना पूर्ण टँक एकदम दिसत नसे, एका वेळी एकच मासा दिसे. तो पुढे गेला की त्या मान वळवून त्याला शोधायच्या. पण आता त्या तिथून हलत नसत. साहेब मला म्हणाले, “अजून थोडं भरू दे. निळ्या लाइटखाली सगळं फुललं की मग तिला नीट बसवून दाखवतो. सगळं समजावून.”

शिमग्याच्या थोडं आधी साहेबांना कंपनीच्या कागदपत्रांसाठी मुंबईला जावं लागलं. उन्हं चढली होती. टँकमधलं पाणी रोज वाफ होऊन कमी होतं, ते भरून काढायला मागच्या खोलीत एक पिंप होतं. त्यातून पाणी आपोआप टँकमध्ये जायचं. सुमनला काम एकच, पिंप आरओच्या पाण्याने भरत राहायचं.

मग सुमनचा फोन आला. “ताई, फुलं मिटलीत सगळी. मासे कोपऱ्यात बसलेत. भावजींना सांगू का?”

“मी येते आधी,” मी म्हटलं.

येऊन बघते तर प्रवाळ आक्रसून गेलेलं. एक फांदी पांढरी पडलेली. पंप चालू, पाणी थंड, घाणीची टेस्ट स्वच्छ. शेवटी खारटपणा बघायची नळी काढली. त्यात काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचं, मीठ किती ते दिसतं. रेघ पार वर गेली होती. मी काच पुसली, परत बघितलं. तेच. मागच्या खोलीत जाऊन पिंपात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं.

“सुमन, हे पाणी कसलं भरलंस?”

“मशीनचंच गो ताई. देवाशप्पत.”

“मीठ मी घातलंय,” दारातून आजी म्हणाल्या. “पानी चाखून बघितलं तर गोडं. दत्तू घालायचा इसरला असंल. खारातल्या कैरीत गोडं पानी गेलं तर कैरी सडते. येवढंपन ठावं नाय तुमाला?”

रोज पिंप भरलं की आजी चाचपडत जाऊन ओंजळी ओंजळीने जाडं मीठ टाकत होत्या. हाताने ढवळत होत्या. कैऱ्यांना जेवढं लागतं तेवढंच, अंदाजाने, आणि त्यांचा अंदाज आयुष्यात चुकला नव्हता.

मी डोकं धरून खाली बसले. रागावणार कुणावर? या घरातली बाई खाऱ्या पाण्याबद्दल जे शिकली होती ते बरणीत शिकली होती, आणि बरणीपुरतं ते शंभर टक्के खरं होतं. बरणीला झाकण असतं, एवढाच फरक.

“आजी,” मी म्हटलं, “चुलीवर आमटी आटली की खारट होते की नाही? तेव्हा तुम्ही काय घालता?”

“पानी.”

“मीठ घालता?”

“मीठ कशाला? मीठ हायेच की तिच्यात.” आणि त्या थांबल्या. चेहरा उतरला. “म्हंजे हितं पन पानीच आटतं? मीठ नाय आटत?”

“नाही.”

“मंग मी मारली गो त्यांना.”

“मेली नाहीत. खारट झालीत फक्त.”

पण त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सुमनने समजावलं, मी समजावलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. म्हणाल्या, “येवढं पोरानं केलं, आनि मी म्हातारीनं नासवलं.”

खारटपणा झटकन उतरवता येत नाही. एकदम गोडं पाणी ओतलं तर मिठाने न मेलेलं प्रवाळ त्या धक्क्याने मरतं. थोडं पाणी काढायचं, थोडं कोरं घालायचं, तासन्‌तास थांबायचं, परत मोजायचं. मी महाडला घरी फोन करून सांगितलं, मी येत नाही, आणि तिथेच राहिले. सुमन नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढायची. दुपारी आम्ही दोघी टँकसमोर सतरंजीवर पडायचो, एक डोळा माशांवर ठेवून. नोकरीत, धंद्यात मी खूप टँक वाचवले, खूप मारलेही, पण आज डोळे मिटले की आठवतात ते हेच दिवस. कुणी मला परत त्या सतरंजीवर पडायला बोलवलं तर गुडघे धरून जाईन.

साहेब परतले. सगळं ऐकलं. चेहरा दगडासारखा झाला. आजींच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

“बोटीवर कुणी असं केलं तर त्याचा रिपोर्ट लिहितात, आई.”

“मंग लिव,” आजी भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “अंगठा देते.”

साहेबांना हसू आवरलं नाही. मग त्यांचे डोळे भरून आले. मी बाहेर अंगणात गेले.

पांढरी फांदी गेली ती गेलीच. बाकीचं हळूहळू उघडलं. शिमग्याच्या पालखीनंतर, एका संध्याकाळी, साहेबांनी खोलीतले दिवे बंद केले आणि टँकचे निळे दिवे लावले. मला मुद्दाम बोलावलं होतं. आजींना समोर खुर्चीत बसवलं. सगळं फुललं होतं, लाटेबरोबर हलत होतं. साहेब एकेक दाखवत होते. आई, हा बघ. आई, इकडे. आजी मान वळवून प्रत्येकावर नजर ठरवत होत्या. घाई नव्हती त्यांना.

“बेस हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “लय बेस. आनि ह्यात तू कुटं असायचास?”

“मी... मी खाली असायचो. इंजिन रूममध्ये.”

“तिथनं ह्ये दिसायचं?”

“नाय, आई.”

“खिडकी?”

“खिडकी नसते तिथं.”

“मंग ह्ये तू बगितलंस कदी?”

“एकदा. एका बंदरात सुट्टी मिळाली तेव्हा पाण्यात उतरलो होतो.”

“तीस वर्सांत येकदा?” आजींनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. “अरे, मी इचारायची ते समुद्राचं नाय रे. समुद्र मला काय करायचाय? तू कुटं बसतोस, कुटं झोपतोस, ते इचारायची.”

भिंतीपलीकडे पंप चालू होते. साहेब उठले. त्यांनी आईचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं. मी आणि सुमन दारात उभ्या राहिलो. आत उकडत होतं. पंप घुमत होते, पाइप थरथरत होते.

“हितं,” साहेब म्हणाले. “असंच. ह्याच्या शंभरपट मोठं, पण असंच.”

आजींनी पाइपवर हात ठेवला. मग पंपावर. चिलरची गरम हवा येत होती, तिच्यापुढे तळवा धरला. “रातीपन असाच आवाज?”

“रातीपन.”

“आनि येवढं गरम?”

“याहून.”

“बसायला काय?”

साहेबांनी सुमनकडे बघितलं. सुमनने लाकडी पाट आणला. आजी टेकल्या आणि म्हणाल्या, “आता सांग. सकाळी उठलास का काय करायचास?”

आम्ही दोघी तिथून निघून आलो.

पुढच्या पावसाळ्यात आजींची नजर पार गेली. टँक बहरला, बघायला लांबून माणसं यायची. आजी मात्र मागच्या खोलीतच बसायच्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. मी सर्व्हिसिंगला गेले की मुलाने सांगितलेला एकेक पंप त्या मला हात लावून दाखवायच्या. आता त्या नाहीत. माझंही दुकान भाचा बघतो.

त्यानंतर मी मोजके मोठे टँक बसवले, दुकान सोडेपर्यंत. प्रत्येक ठिकाणी पंपाची खोली नियमापेक्षा मोठी धरायचे, एक माणूस आत बसेल एवढी. गिऱ्हाईक कुरकुरायचं, एवढी जागा कशाला वाया घालवता? मी सांगायचे, सर्व्हिसिंगला लागते.