दुखणं खरं ठरलं

ढाणकीच्या बाजारात बांगड्या विकणारी ती बाई माझ्या दवाखान्यात आली, ती एका हाताने कंबर दाबतच. वर्षभर ती दुखण्याच्या गोळ्या खात होती. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली, तर आत पांढरंफटक. रक्त-लघवी तपासली आणि तिला लगेच नागपूरला पाठवलं. मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेचा कॅन्सर निघाला. मणके पोखरले होते, किडन्याही गेल्या होत्या.

ती परत आल्यावर मी सगळं समजावून सांगितलं. ती रडली नाही. सोबतच्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता तं पटलं ना? नाटकं नोती करून राह्यली मी."



महिनाभरात ती गेली. मी तिला मरणाची बातमी दिली होती, आणि निघताना तिनं मला हात जोडले होते.