सतरा वेळा ‘उत्तर नाही’

मोबाईलवर नको ते संदेश येतात म्हणून माझी सून वैतागते. कर्ज घ्या, केस वाढवा, फ्लॅट बुक करा. ती एकेक पुसत बसते. मला त्या संदेशांचा तिच्याहून जास्त राग येतो, पण कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही. अशाच वीस संदेशांमुळे एका माणसाची नोकरी गेली, आणि ती घालवणारा मी होतो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं भरून पुन्हा तेवढंच राहून जाईल.

नोकरी सोडून मी कोथरूडला घराखालच्या गॅरेजमध्ये छोटा उद्योग सुरू केला, तेव्हा मोबाईल नुकते साध्या माणसांच्या खिशात येऊ लागले होते. गावात जो तो सॉफ्टवेअरचं बोलत होता. मी एक डबा बनवत असे. कारखान्यात यंत्र बंद पडलं, टाकी भरून वाहू लागली, शीतगृहाचं तापमान चढलं, की या डब्याने जबाबदार माणसाच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा. डब्यात एक मोडेम, मोडेममध्ये दुकानात मिळतं तसंच सिमकार्ड, बाहेर अँटेना. सांगायला एवढंच.

प्रत्यक्षात त्या डब्याने माझं रक्त आटवलं. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नसे, म्हणून बांबूला अँटेना बांधायची. मग पाखरं त्यावर बसायची आणि वायर तुटायची. मोडेम कधीही मुका व्हायचा आणि त्याला एकच औषध होतं, वीज बंद करून पुन्हा चालू करणं. त्यासाठी मी स्कूटरवरून हडपसरच्या पुढपर्यंत जायचो. बायको म्हणायची, “बटण दाबायला एवढ्या लांब जाणारा इंजिनिअर पुण्यात दुसरा नसेल.” शेवटी रोज पहाटे मोडेमची वीज आपोआप बंद-चालू करणारं घड्याळच मी डब्यात बसवलं. ग्राहकांना मात्र सांगायचो, की डबा स्वतःची तपासणी स्वतः करतो.

हडपसरच्या पुढे औषधांच्या एका कंपनीचं शीतगृह होतं. तिथे मी असा डबा लावला. तिथला कॉम्प्रेसर ऑपरेटर चाळिशीतला, विदर्भातून आलेला, कमी बोलणारा माणूस. रविवारी तो शेडमध्ये एकटाच असे. त्याच्यासाठी नियम सोपा ठेवला होता. डब्याचा संदेश आला की त्याने एक हा आकडा उलट पाठवायचा. याचा अर्थ, ‘कळलं, मी बघतोय.’ आकडा मिळाला की डबा गप्प बसणार. नाही मिळाला तर दर दहा मिनिटांनी ओरडणार, आणि ‘नो रिप्लाय फ्रॉम ऑपरेटर’ असं मॅनेजरसाहेबांनाही कळवणार. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा वीज गेली, दोनदा संदेश गेला, दोनदा त्याचा आकडा आला. मॅनेजर खूश झाले. कंपनीच्या बाकीच्या गोदामांतही डबे लावू म्हणाले.

मग तो रविवार आला. भर दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. मॅनेजर एका मंगल कार्यालयात पंगतीला बसले होते, मोबाईल कोटाच्या खिशात आणि कोट खुर्चीवर. त्यांनी तो पाहिला तेव्हा त्यात सतरा संदेश होते. सतराही तेच सांगत होते : ऑपरेटरचं उत्तर नाही. मेकॅनिक संध्याकाळी पोहोचला आणि तोवर इंजेक्शनांचा सगळा माल फुकट गेला होता.

मंगळवारी मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. चौकशी म्हणजे आम्ही तिघं. मी डब्यातली नोंद कागदावर छापून नेली होती. मॅनेजर म्हणाले, “वाचा.” मी वाचली. वेळ, तापमान, उत्तर नाही. वेळ, तापमान, उत्तर नाही. सतरा ओळी. आवाज चढवायची मला गरजही पडली नाही.

ऑपरेटर उभा होता. “साहेब, मी उत्तर पाठवलं होतं. अकरा वेळा.”

“अकरा वेळा!” मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. “मोजून पाठवलीस?”

“पहिल्यांदा लगेच पाठवलं. तरी तो थांबेना. मी व्हॉल्व्ह खोललेला, हात ग्रीसने भरलेले. पुसायचे, आकडा दाबायचा, पुन्हा कामाला लागायचं, की पुन्हा वाजायचा. उलट त्याच्यापायीच वेळ गेला. शेवटी वैतागून सोडून दिलं. मेकॅनिकला तर पहिल्या अर्ध्या तासातच गेटवरून फोन केला होता. तो दुसरीकडे अडकला होता.”

मॅनेजरनी मेकॅनिकला विचारलं नाही. “दाखव मोबाईल,” एवढंच म्हणाले. पाठवलेले संदेश फोनमध्ये आपोआप राहत नसत तेव्हा. तशी सोय मुद्दाम चालू करावी लागे. पाठवलेल्या संदेशांचा खण रिकामा होता.

“बॅलन्स बघा साहेब, कमी झालाय.”

“बॅलन्स बायकोशी बोलूनही कमी होतो. जेवण झाल्यावर डोळा लागला असं सरळ सांग ना! निदान खरं बोलल्याचं पुण्य तरी मिळेल.” मग माझ्याकडे वळले. “काय हो, तुमच्या यंत्रात काही गडबड असू शकते का?”

ऑपरेटरनेही माझ्याकडे पाहिलं. अजून तपासलं नाही, तपासून सांगतो, एवढं म्हणायला काही लागलं नसतं. मी म्हणालो, “यंत्राला खोटं बोलता येत नाही.”

 तो टेबलावरची टोपी उचलून बाहेर गेला. आठवड्याच्या आत त्याला काढलं. कागदावर कारण होतं, कामाच्या वेळेत झोपणे.

चौकशीच्याच संध्याकाळी मी डबा गॅरेजमध्ये आणून संगणकाला जोडला. शंका होती म्हणून नव्हे. पुढच्या गोदामांसाठी त्यातला प्रोग्राम उतरवून घ्यायचा होता. सहज सिमकार्डातले आलेले संदेश उघडले. त्या सिममध्ये वीसच संदेश मावत आणि वीसच्या वीस जागा भरलेल्या होत्या. रिंगटोन घ्या. क्रिकेटचा ताजा स्कोअर मिळवा. तुमचं राशिभविष्य. विनोद रोज सकाळी. मोबाईल कंपनी त्या मुक्या डब्याला अधूनमधून भविष्य सांगत होती, आणि विसावं भविष्य येऊन पडल्यावर एकविसाव्याला जागाच उरली नव्हती. त्या माणसाचे अकरा आकडे दाराबाहेर उभे होते.

दोष मोबाईल कंपनीचाही नव्हता. प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात मी असं सांगितलं होतं : संदेश एक आकड्याचा असेल तर वाच आणि पुसून टाक, दुसरं काही असेल तर लक्ष देऊ नकोस. पुसायलाही सांगितलं नव्हतं. डब्याला जाहिराती येतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मोबाईल म्हणजे माणसाच्या हातातली वस्तू, नको ते माणूस पुसतोच, ही माझी सवय मी लोखंडाच्या डब्याला लावली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. जे येईल ते वाच आणि पुस. मग पंधरा दिवस मी प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन नवा प्रोग्राम घालून आलो. ‘सुधारित आवृत्ती आहे, तुमच्यासाठी मोफत,’ असं सांगितलं. लोकांनी चहा पाजला. शीतगृहाच्या मॅनेजरनीही पाजला. नवा ऑपरेटर तिथे रुजू झाला होता. मी कप खाली ठेवला तेव्हा वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मॅनेजर म्हणाले, “तुमच्या डब्यामुळे निदान चोर सापडला.” मी वाक्य गिळलं. पुढच्या आठवड्यात सांगू, असं ठरवलं. तो आठवडा आलाच नाही असं लिहिणं सोपं आहे. तो दर आठवड्याला येत होता.

काही वर्षांनी मंडईत गाठ पडली. मी मटार निवडत होतो आणि शेजारून आवाज आला, “साहेब, बरे आहात ना?” तोच होता. केस पिकलेले, हातात दोन पिशव्या. एका सोसायटीत पाण्याचे पंप बघतो म्हणाला. पगार निम्मा, पण चाललंय. मागे त्याची बायको उभी होती. त्याने ओळख करून दिली तशी ती पुढे आली.

“हेच काय ते डबेवाले साहेब? ज्याईनं तुमाले झोपेत पकडलं ते?”

तो कसनुसा हसला. ती मोकळी हसली. “साहेब, एक डबा आमच्या घरीबी लावून द्या. टीव्हीपुढं बसले का याईचा डोळा लागते. मी कारखान्याले कायले दोष देऊ?”

यावर मी हसलो. मटाराचा भाव विचारता विचारता हसलो. एवढी वर्षं मला वाटत होतं, की एका कारखान्यातल्या एका कागदावर चुकीची ओळ आहे. ती ओळ त्यांच्या घरी राहायला गेली होती. जाताना तो हळूच म्हणाला, “आता पाठवलेला एकेक मेसेज ठेवतो मी, साहेब. भरला फोन तर जुना नंबर-बिंबर काढून टाकतो, पण मेसेज नाही.” तरीही मी बोललो नाही. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. चौकशीच्या वेळी मला माहीत नव्हतं, ही पळवाट तरी आहे. मंडईत ती नव्हती.

यंदा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी पडून असताना, ठरवलं की नोंद दुरुस्त करायचीच. काठी घेऊन, रिक्षा करून शीतगृहाच्या जागी गेलो. तिथे काचेच्या इमारती झाल्या आहेत. गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला, “आजोबा, कुणाला भेटायचंय?” मी म्हणालो, इथे पूर्वी एक कंपनी होती, तिच्या रेकॉर्डमध्ये एक चूक आहे. त्याने मला सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरच्या कुणाचा नंबर आहे का म्हणून विचारलं. मॅनेजर केव्हाच वारले आहेत. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, तिला तिसरीने. रक्षकाचं चुकलं नाही. पण घरी येईपर्यंत मी रिक्षात दात-ओठ खात होतो. कबुली द्यायला निघालो, तर घ्यायला कुणी नाही!

मग जुन्या फायलींत त्या प्रोग्रामचा छापील कागद सापडला. पाचव्या ओळीत ऑपरेटरचा मोबाईल नंबर, मीच घातलेला. नंबर अजून त्याचाच असेल अशी आशा नव्हती. तरी संदेश लिहिला : ‘तुम्ही अकरा वेळा उत्तर दिलं होतं. चूक माझ्या डब्यात होती. मला त्याच दिवशी कळलं होतं.’ खाली माझं नाव.

तासाभराने फोन आला. आवाज म्हातारा झाला होता, पण तोच.

“साहेब, मेसेज मिळाला.”

मी माफी मागू लागलो. जाहिराती, वीस जागा, सगळं एका दमात सांगू लागलो. त्याने ऐकून घेतलं.

“पण हे मला कशाला सांगताय? मी झोपलो नव्हतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा.” आणि त्याने फोन बायकोकडे दिला.

तिला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. तिने एकदाही अडवलं नाही. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

“म्हंजे ते झोपले नव्हते?”

“नाही.”

“तुमाले तवाच माहीत होतं?”

“हो.”

“मंग मंडईत काहून नाही सांगतलं? मी हासत होती तवा?”

  मग फोन पुन्हा त्याच्याकडे गेला.

“साहेब, एक करा,” तो म्हणाला. “हे कागदावर लिहून द्या. जावयालाही दाखवायचंय. पान-दोन पान पुरे.”

दोन पानांत बसलं नाही. पण लिहून झालं आहे, खाली सही केली आहे, आणि रविवारी मी ते स्वतः घेऊन जाणार आहे.