नको नको म्हणणारे भाऊजी

माझे भाऊजी सुमंत देवस्थळी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की इला कुजकं बोलते. बोलतेच. आणि हे सगळं ऐकल्यावर तुम्हीही बोलाल.

भाऊजी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतात. घर एवढं मोठं की ताई त्यांना जेवायला खालून फोन करून बोलावते. घरामागे बिल्डरनं खणलेलं एक डबकं आहे, त्याला हे 'आमचा लेक' म्हणतात. डबक्याभोवती सिमेंटची पायवाट आहे आणि रिटायर झाल्यापासून भाऊजी रोज सकाळी दोन काठ्या घेऊन तिथे ट्रेकिंग करतात. सपाट सिमेंटवर! काठ्या कार्बनच्या, टोपीला मानेवर झालर, पाठीवर पाणी ओढायची नळी. बदकंसुद्धा उठून बाजूला होत नाहीत. पण तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वॉकिंग ग्रुपवर रोज फोटो पडतो आणि खाली पंधरा जण अंगठे दाखवतात, तेवढ्यानं यांचा दिवस साजरा होतो.

ते काठ्यांचं सोडा. भाऊजींची खरी ख्याती आहे ती 'नको नको'साठी. कुणाकडेही जेवायला गेले की पहिल्या पोळीलाच हात ताटावर आडवा. 'नको, नको, पोट फुटेल.' मग घरच्या बाईनं म्हणायचं, 'असं कसं, एवढीशी तर आहे.' हे म्हणणार, 'छे छे, अजिबात नको.' तिसऱ्यांदा आग्रह झाला की हात बाजूला होतो, आणि मग माणूस असा जेवतो की बघणाऱ्याला धाप लागावी. एकदा मंडळातल्या नेत्राकडे बासुंदी होती. मुलगी इथेच जन्मलेली, सरळ. तिनं विचारलं, 'काका, बासुंदी?' हे म्हणाले, 'नको नको.' तिनं 'ओके काका' म्हणून भांडं पुढे नेलं. घरी येईपर्यंत गाडीत ताईचा उद्धार चालला होता. 'काही रीतभात आहे की नाही? नको म्हटलं म्हणून खरंच वाढायचं नाही?' जसं काही बासुंदी ताईनंच अडवून ठेवली होती! तेव्हापासून नेत्राचं नाव निघालं की हे 'ती बासुंदीवाली' म्हणतात.

आता ताई. पद्मिनीताईनं पुण्यात कॉलेजात फ्रेंच घेतलं. बाकीच्या मुली मार्क मिळतात म्हणून घ्यायच्या, हिचा त्या भाषेवर जीव जडला. सरांनी वर्गात फ्रेंच मुलींचे पत्ते वाटले होते, पत्रमैत्रीसाठी. इतरांची हौस दोन पत्रांत फिटली. ताईची सिमोन मात्र टिकली. लग्न करून ताई नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत आली, नोकरीची परवानगी नव्हती, पुण्यात फ्रेंच शिकवायची तेही सुटलं. पुढे दोनदा दिवस राहून पोट पडलं, ते दुःख तिनं मला सांगायच्या आधी सिमोनला लिहिलं होतं. मला राग आला होता तेव्हा, पण खरं आहे ते. चाळीस वर्षांची मैत्री आणि दोघींची एकदाही गाठ पडलेली नाही. भाऊजी याला 'पद्मिनीचं बोंजू-मर्सी' म्हणायचे आणि चारचौघांत हसायचे.

मागच्या हिवाळ्यात सिमोनचा नवरा गेला. ताई म्हणाली, 'मला एकदा तिच्या दारात जाऊन यायचंय.' एवढ्या वर्षांत तिनं तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. भाऊजी म्हणाले, 'जाऊ की!' आणि त्या साध्या मागणीची यांनी मोहीम करून टाकली. सिमोनचं गाव फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ भागात. गाडीनं गेलं तर थेट तिच्या दारात उतरता येतं. पण नाही! त्या गावातून एक लांब पल्ल्याची पायवाट जाते हे यांना इंटरनेटवर सापडलं, आणि ग्रुपवर फोटो टाकायला आयतं निमित्त मिळालं. आदल्या गावाहून सकाळी निघायचं, दुपारी सिमोनकडे, संध्याकाळी पुढच्या गावात मुक्काम. बॅगा व्हॅनवाला पुढे नेऊन टाकणार. आधी येतो म्हणालेली मंडळातली जोडपी एकेक करून कॅन्सल झाली, ती शहाणी. मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून गेले ती फक्त ताईसाठी.

सिमोनला कळवायचं काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. त्यांच्या घरी ईमेल एकच, दोघांच्या नावाचा. उघडणार हे, वाचून दाखवणार हे, उत्तर लिहिणार हे, तेही इंग्रजीत. 'तुला कशाला त्रास,' असं ताईला वर. ताईला म्हणाले, 'ती जेवायला बोलावतेय. मी केलंय सगळं फिक्स.' ताईनं फ्रिस्कोत बेसनाचे लाडू वळले आणि स्टीलच्या डब्यात भरून नेले. तो डबा तिनं व्हॅनमध्ये दिला नाही, स्वतःच्या पाठीवर घेतला.

सकाळी निघालो तेव्हा धुकं होतं. दगडी घरं, खिडक्यांची दारं अजून मिटलेली, बेकरीतून तेवढा पावाचा वास. गाव संपलं तसा चढ लागला. चेस्टनटची झाडी, मध्येच मोकळी कुरणं, कुरणात तांबूस गाई. ताई सगळ्यांत पुढे. साठी उलटलेली, गुडघ्यांचं रडगाणं गाणारी बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखी चढत होती. डबक्याचे वीर पहिल्याच चढावर दगडावर बसले. 'ॲल्टिट्यूड जाणवतंय,' म्हणाले. कसलं डोंबलाचं ॲल्टिट्यूड! समोरून एक म्हातारी पावाची पिशवी घेऊन त्याच चढानं आली, 'बोंजूर' म्हणाली आणि निघूनही गेली.

त्या वाटेवर झाडांवर, दगडांवर पांढरा-लाल पट्टा रंगवलेला असतो. पट्टा दिसला म्हणजे वाट बरोबर. त्याच रंगांची फुली दिसली तर तिकडे जायचं नाही. पहिलीतल्या पोराला कळेल. एका फाट्यावर डाव्या हाताला फुली होती. ताई म्हणाली, 'अहो, फुली आहे.'

'जुनी असेल. माझं ॲप काय सांगतंय बघ ना!'

ॲपनं सांगितलं तसे आम्ही उतरत उतरत एका शेताच्या कुंपणाशी पोचलो. पलीकडे बैल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हा बैल चांगला कामात होता, आमच्याकडे रोखून बघत होता. उतरलेला सगळा डोंगर परत चढलो. भाऊजी वाटभर ॲप बनवणाऱ्याला शिव्या देत होते. ताई सारखी मनगटावरचं घड्याळ बघत होती.

त्यात यांच्या नळीतलं पाणी संपलं. पुढच्या वस्तीत कब्रस्तान होतं, भिंतीला लागून नळ. ताई म्हणाली, 'इथले वाटसरू हेच पितात. सिमोननं लिहिलं होतं एकदा.' भाऊजींनी नाक मुरडलं. 'स्मशानातलं पाणी? मी?' आम्ही दोघी प्यायलो, बाटल्या भरल्या. पुढच्या चढावर हेच गृहस्थ माझी बाटली मागून घटाघटा प्यायले.

'भाऊजी, हे स्मशानातलंच आहे हं,' मी म्हटलं.

'आता बाटलीतलं आहे ना,' म्हणाले.

दुपारची घंटा वाजली तेव्हा आम्ही अजून अलीकडच्याच गावात होतो. दुकानं बंद, बेकरी बंद, सगळं गाव जेवायला घरात गेलेलं. ताई रडकुंडीला आली होती. 'इले, इथे वेळेवर जेवतात गं. ती ताटं मांडून बसली असेल.' तिनं सिमोनच्या घरी फोन लावला, नुसता वाजत राहिला. भाऊजी चर्चसमोर काठ्या रोवून माझ्याकडून फोटो काढून घेत होते. 'थांबेल की! चाळीस वर्षं थांबली, दोन तास नाही थांबणार?' असं म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या वेळी त्यांच्याच काठीनं त्यांना हाणावं असं मला मनापासून वाटलं.

सिमोनचं घर ताईनं लांबूनच ओळखलं. फोटोत पाहिलेली निळी दारं, वर चढवलेला द्राक्षाचा वेल. ताई शेवटचा उतार जवळजवळ पळत उतरली. फाटकाशी थांबून तिनं केस सारखे केले, पाठीवरून डबा काढून हातात घेतला आणि घंटा ओढली. परत ओढली. खिडक्या सगळ्या मिटलेल्या. आत कुणी नव्हतं.

'बघ,' भाऊजी मागून धापा टाकत म्हणाले. 'सकाळी आवरायला तूच वेळ लावलास.'

शेजारच्या बागेतून एक बाई हातात कात्री घेऊन बाहेर आली. मादाम फाब्र, सत्तरीची, दणकट. ताई तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलू लागली. मी ताईला ती भाषा बोलताना प्रथमच ऐकत होते. आवाजच वेगळा लागला होता तिचा. बोलता बोलता ती थांबली आणि आमच्याकडे न बघता मराठीत सांगू लागली.

'सिमोन काल मुलीकडे गेली. लियोंला. महिनाभर ती आपल्यासाठी घर घासत होती. मग पद्मिनीची मेल आली, की जेवण नको, कॉफी नको, आमच्यासाठी थांबू नका, वेळ झाला तर दारावरून जाऊ. तिनं परत विचारलं, नक्की ना? तर पद्मिनीनं लिहिलं, हो हो, अगदी नक्की.' ताईनं डबा दुसऱ्या हातात घेतला. 'सिमोन या बाईंकडे येऊन रडली. म्हणाली, तिला मला भेटायचंच नाहीये बहुतेक.'

मी भाऊजींकडे बघितलं. खरंच सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता. उलट चिडलेलेच होते.

'अगं, म्हणजे काय! पहिल्यांदा बोलावल्यावर लगेच हो म्हणायचं? हावरटासारखं? आपण नको म्हणायचंच असतं. दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं. तिनं जरा आग्रह करायला नको? तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणणारच होतो!'

'तुम्ही माझ्या नावानं नको म्हणालात,' ताई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही. तिनं आरडाओरडा करायला हवा होता, मी तर तोंड उघडलंच होतं, पण तिनं माझा हात दाबला.

मादाम फाब्रनं घरातून फोन आणला आणि लियोंला लावला. ताई सिमोनशी बोलली. आधी दोघींपैकी कुणालाच बोलता येईना, नुसता हुंदक्यांचा आवाज. मग ताई फाटकाच्या पायरीवर बसली आणि बोलत राहिली. मला त्यातलं फक्त 'सुमंत' एवढं कळलं, आणि त्यानंतर फोनमधून आलेलं हसू. फोन ठेवून ताईनं डोळे पुसले. 'सकाळच्या गाडीनं येतेय ती,' मला म्हणाली.

'सकाळी?' भाऊजी म्हणाले. 'बुकिंग पुढच्या गावात आहे. बॅगा तिथे गेल्यात. उद्याचा टप्पा आहे. फोनवर बोलणं झालं ना आता? चला, उठा.'

तेवढ्यात मादाम फाब्रनं झाडाखालच्या टेबलावर सुपाचं भांडं आणून ठेवलं, पाव ठेवला, चीज ठेवलं आणि चार बशा मांडल्या. ताईला काहीतरी विचारलं. मुक्कामाचंही त्यातच होतं, वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं तिनं. ताईच्या तोंडावर सवयीचं 'नको, कशाला त्रास' आलेलं मला स्पष्ट दिसलं. ओठ हललेसुद्धा. मग ती म्हणाली, 'वी.' म्हणजे हो. आणि बसली. मादाम माझ्याकडे वळायच्या आत मीही 'वी, वी, मर्सी' म्हणून खुर्ची ओढली. एवढं फ्रेंच मलाही येतं.

मग मादाम फाब्र भाऊजींकडे वळली. हा माणूस सकाळपासून एका ग्रॅनोला बारवर होता. सुपाचा वास आल्यापासून त्यांचं लक्ष भांड्यावरच होतं. पण जित्याची खोड! हात आपोआप आडवा झाला. 'नो नो, प्लीज! नो ट्रबल!'

मादाम फाब्रनं मान डोलावली, त्यांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

भाऊजी तसेच उभे. आधी दाराकडे बघितलं, बशी परत येते का म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मी पाव खात होते. मग ताईकडे बघू लागले. ताईनं फक्त 'अहो, बसा आता' म्हणायचं होतं. आजवर प्रत्येक घरात, प्रत्येक पंगतीत, वाढणारी विसरली तर शेजारून तीच म्हणत आली होती.

ताईनं लाडवांचा डबा उघडला, मादाम फाब्रपुढे सरकवला आणि स्वतःला सूप ओतून घेतलं.

'उजेड आहे तोवर पुढचं गाव गाठा,' ती म्हणाली. 'आणि फुली दिसली तर तिकडे जाऊ नका.'