शेजारच्या फ्रीजमधलं अळणी

आमच्या गावात मटण रोज मिळत नसे. चार घरं मिळून बोकड घेत, मुलाणी तो कापी, वाटे पडत, आणि त्या दिवशी जो गावात नसेल त्याच्या नशिबी पिठलं. पुण्याला नोकरी लागल्यापासून मी कायम पिठल्याचीच धनीण झाले होते.

आईला हे खपायचं नाही. तिखट-मसाला पडायच्या आधी, नुसत्या मिठा-हळदीत शिजलेल्या मटणाचं पाणी, म्हणजे अळणी, ती माझ्यासाठी काढून ठेवी. लहानपणी तापातून उठलं की तेच वाटीभर मिळायचं. हळद घरच्या रानातली, त्यामुळे रंग असा पिवळाजर्द की वाटीला डाग राहायचा. घरात फ्रीज आल्यावर ती ते स्टीलच्या डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायला लागली. मी येईपर्यंत त्याचा दगड झालेला असायचा.

पण लाईट कुठं टिकायची? लोडशेडिंगमध्ये अर्धा दिवस जायचा. लाईट गेली की आई फ्रीजवर गोधडी पांघरायची. बर्फवाला लादी पोत्यात गुंडाळतो, तसं तिचं चाललेलं. फ्रीजला हिव भरलंय का, म्हणून मी चिडवायचे. ती म्हणायची, हस, पण पिताना आठव. डबा खरंच विरघळायचा नाही.

मग वडील मोठ्या दुखण्यातून उठले आणि आईनं बोललेला नवस फेडला. तिनं तुळशीची माळ घातली, घरात मटण-अंडं बंद झालं. फोनवर हे ऐकलं तेव्हा वडील बरे झाल्याचा आनंद होताच. पण देवानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं माझी वाटी उचलली, असा मला त्याचा रागच आला.

महिन्याभरानं गावी गेले, तर आई मला शेजारच्या खालांकडं घेऊन गेली. त्यांच्या फ्रीजवर आमची गोधडी होती. माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचं ठिगळ मी लगेच ओळखलं. माळ घालायच्या आधी आईनं शेवटचं अळणी काढून डबा इथं ठेवला होता. लाईट गेली की पांघरूण घालायला ती स्वतः यायची. फ्रीजच्या आत मात्र हात घालायची नाही.

खालांनी अळणी गरम करून माझ्यापुढं ठेवलं. आई उंबऱ्याबाहेर आमच्याकडं पाठ करून बसली. मी पहिला घोट घेतला, आणि तीच चव जिभेवर आली.

"मीठ बराबर हाय का, माय?" तिनं न वळता विचारलं.

उभ्या जन्मात तिनं मला हे विचारलं नव्हतं. तळहातावर थेंब घेऊन ती स्वतःच चाखायची.

"बराबर हाय," मी म्हणाले.

वाटी मी बोटानं पुसून खाल्ली. खालांनी डबा घासून आईपुढं धरला. तिनं तो घेतला नाही.

"राहू द्या तुमच्याकडंच. तुमच्यात वाटा आला की हिच्यापुरतं काढून ठेवत जा."

खालांनी शब्द पाळला. त्यांचं अळणी चांगलं व्हायचं, मीठही बराबर असायचं. मला मात्र दर वेळी आईच्या हातचं आठवायचं, आणि आई तर तिथंच, उंबऱ्याबाहेर बसलेली असायची.